आठव्या राउंडला फोरमन आडवा

जगातले सर्वांत थोर हेवीवेट मुष्टियोद्धे कोण, याचा एकदाचा निकाल लावून टाकायचा, असं हेडक्लार्कनी एका मंगळवारी ठरवलं.

हेडक्लार्क निवृत्त झाले होते, पण इमारतीत सगळे त्यांना अजून हेडक्लार्कच म्हणत. मुष्टियुद्धाशी त्यांचा संबंध पुस्तकांपुरता आणि जुन्या लढतींच्या चित्रफितींपुरता होता. आयुष्यात त्यांनी मूठ एकदाच आवळली होती, तीही रक्त तपासायला दिलं तेव्हा, नर्सनं सांगितलं म्हणून. (आणि ‘सोडा’ म्हटल्याबरोबर सोडली होती.) पण कोणी कोणाला कितव्या फेरीत लोळवलं, हे त्यांना तोंडपाठ होतं. ज्येष्ठतेची यादी बिनचूक लावणं हेच काम त्यांनी ऑफिसात जन्मभर केलेलं. मग मुष्टियोद्ध्यांनीच काय पाप केलं होतं?

हा विचार नेमका त्याच मंगळवारी का सुचला, यालाही कारण होतं. माणसाला एखादं काम टाळायचं असलं की त्याहून फार मोठं असं दुसरं एखादं काम अचानक आठवतं. टाळायचं काम बायकोनं सकाळीच सांगितलं होतं.

“अहो, वर बघा.”

हेडक्लार्कनी वर बघितलं. बेडरूमच्या छतावर ओल आली होती. आधी बशीएवढी होती, मग ताटाएवढी झाली आणि आता तिला देशाच्या नकाशासारखे काठ फुटले होते. त्या देशाच्या राजधानीतून एक एक थेंब बरोबर बायकोच्या उशीवर पडत होता.

“दिसतंय,” ते म्हणाले.

“तुम्हाला दोन महिने दिसतंय. आता बोला. रविवारपर्यंत वर जाऊन त्या फोरमनशी बोलायचं. नाहीतर सोमवारी मी ताईकडे जाते.”

ताईकडे जाण्याची भाषा तिनं पूर्वीही केली होती. पण या वेळी तिनं माळ्यावरून मोठी सुटकेस काढली आणि पुसली. बायको नसताना चहाचं पातेलं कुठे सापडतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, ती घरात नसली की त्यांना काही वाचायचं सुचत नसे. वाचून दाखवायला समोर कोणी लागतं.

पण वर जाऊन बोलायचं म्हणजे फोरमनशी बोलायचं. फोरमन नळ तयार करण्याच्या कारखान्यात होता. (त्याच्याच बाथरूमचा पाइप गळत होता, पण हे त्याला सांगणार कोण?) त्याची बायकामुलं दुसऱ्या गावी होती, तो इथे एकटा राहायचा. माणूस असा की दारातून आत येताना आधी खांदे आत येत, मग दार ‘झालं का?’ असं विचारल्यासारखं करकरे. रात्रपाळीला असायचा. रात्रभर यंत्रांमधून आठ राउंड मारणं हे त्याचं काम, आणि ते तो सगळ्यांना छाती फुगवून सांगायचा. त्याच्यासमोर हेडक्लार्क एकदा लिफ्टमध्ये उभे राहिले होते. लिफ्ट थांबेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नव्हता, कारण जागाच नव्हती.

तेव्हा फोरमनशी बोलण्याऐवजी हेडक्लार्कनी दुपारी बाजारातून कपडे वाळत घालायचा नवा दोर आणला (घरकामात लक्ष असल्याचा तेवढाच पुरावा) आणि संध्याकाळी मागच्या गॅलरीत जाऊन आपल्या मित्राला फोन लावला.

हा मित्र जन्मभर प्रूफरीडर होता. त्याला ऐकू कमी येत असे, म्हणून त्याच्याशी ओरडूनच बोलावं लागे. आणि मागची गॅलरी अशी की तिथे सगळ्या मजल्यांचे पाइप एका अरुंद पोकळीतून खाली उतरत. फोरमन वर गुळण्या करायचा, तेव्हा हेडक्लार्कना आपण त्याच्या घशातच उभे आहोत असं वाटे. आवाज वरून खाली येतो, तर खालून वरही जात असेल, हे मात्र त्यांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

“पहिला नंबर जो लुई!” हेडक्लार्क ओरडले.

“जो लुई... तो काय?” पलीकडून प्रूफरीडर म्हणाला. “वाक्य पुरं कर.” (त्याला जो लुई माहीत नव्हता असं नाही. पण ‘जो’ आला की पुढे ‘तो’ यायलाच हवा, अशी त्याच्या कानांना सवय होती.)

“अरे, जो हे नाव आहे! बारा वर्षं एकाच जागेवर बसला होता तो! बदली नाही, काही नाही!”

प्रूफरीडरचा पाठिंबा मार्सियानोला होता, कारण तो एकही लढत हरला नव्हता. सबंध कारकिर्दीत एक चूक नाही, याचं प्रूफरीडरला केवढं अप्रूप! अली फार बोलतो, यावर दोघांचं एकमत होतं. पण बोलून काम करणारा माणूस दोघांच्याही ऑफिसात कधी आढळला नव्हता, म्हणून त्याला दुसरा नंबर द्यावाच लागला.

“मग फोरमन?” प्रूफरीडरनं विचारलं. जॉर्ज फोरमन, असं त्याला म्हणायचं होतं. पण हेडक्लार्क आणि तो या बाबतीत बहुतेकांना आडनावानंच ओळखत.

“फोरमन?” हेडक्लार्कचा आवाज चढला. “छे छे! फोरमनला मी वर घेणार नाही! अंगानं धिप्पाड आहे, मान्य. समोरच्याला नुसतं बघून घाम फुटतो. पण आठव्या राउंडला काय झालं? आठव्या राउंडला फोरमन आडवा! जगाला ठाऊक आहे! चित्रीकरण आहे त्याचं, मी स्वतः पाहिलंय!”

वर चाललेला पाण्याचा आवाज एकदम थांबला. काहीतरी ठणकन पडलं. बहुधा पाण्याचा मग.

“आणि त्याला पाडणं काय अवघड आहे?” अलीची युक्ती सांगताना हेडक्लार्क आता रंगात आले होते. “दोराला टेकून उभं राहायचं. त्याला मारू द्यायचं. मारून मारून तो दमला, की मग जबड्यावर एकच ठेवून द्यायची! संपला फोरमन!”

आत बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. तिच्या हातातली चादर अर्धीच राहिली.

फोरमनला सातव्या नंबरावर बसवून, फोन ठेवून हेडक्लार्क आत आले, तेव्हा ती त्यांच्याकडे अशी बघत होती, जशी आजपर्यंत फक्त दुधाच्या पातेल्याकडे बघत असे. केव्हा उतू जाईल सांगता येत नाही, अशी.

“दोर कुठे ठेवलात?”

“कोणता दोर?”

“दुपारी आणलात तो.”

“खिळ्याला लावलाय.”

“मला द्या.” तिनं तो दोर घेतला, कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. मग मऊ आवाजात म्हणाली, “अहो, मी काय म्हणते, फोरमनशी बोलायचं राहू द्या. थेंबांचं काय, मी उशी सरकवते.”

इथे हेडक्लार्कच्या मनात पहिली पाल चुकचुकली. त्यांच्या संसारात बायकोनं दिलेला हुकूम आजवर मागे घेतला गेलेला नव्हता. ऑफिसातही, वरच्या साहेबानं आपणहून हुकूम मागे घेतला की सगळे क्लार्क दबक्या आवाजात विचारत: यात कोणाचा फायदा?

दुसऱ्या दिवशी जिन्यात फोरमन भेटला. एरवी तो जिना उतरत असला की बाकीच्यांनी खाली जाऊन वाट बघायची असे. आज तो भिंतीला पाठ लावून, पोट आत ओढून उभा राहिला. “या साहेब, आधी तुम्ही.”

साहेब! हेडक्लार्कना तर त्यांच्या शिपायानंही कधी साहेब म्हटलं नव्हतं. ते दोन पायऱ्या चढले, तोच मागून घोगरा आवाज आला.

“साहेब, काय करायचं ते करा. पण पोटावर मारू नका.”

हेडक्लार्कच्या डोक्यात तेव्हा अली घोळत होता. त्यांनी वळून न बघता सवयीनं खुलासा केला, “पोटावर चालतं. पोटाच्या खाली चालत नाही.”

फोरमन मटकन पायरीवर बसला. घरात पोचल्यावर हेडक्लार्कना प्रश्न पडला की हा माणूस असं का बोलतोय? आणि बसला का? दबा धरून?

मग त्यांना सगळीकडे काही ना काही दिसायला लागलं. बायको भाजी चिरून झाली की सुरी उचलून ठेवत होती. ते गॅलरीत गेले की तीही मागोमाग येऊन विनाकारण कुंड्यांना पाणी घालत होती. (कुंड्यांत दोन महिने झाड नव्हतं.) आणि विचारत होती, “डोकं शांत आहे ना?” एखाद्या माणसाला दिवसातून चार वेळा असं विचारलं, तर पाचव्या वेळेपर्यंत ते शांत राहत नाही.

शनिवारी तर कहर झाला. हेडक्लार्क दूध घेऊन वर येत होते. वळणापाशी त्यांना कुजबुज ऐकू आली आणि ते होते तिथे थांबले. एक आवाज घरचाच होता.

“वहिनी, त्यांच्या मनात काय आहे, काही कळलं का?”

“मला कुठे काय सांगतात! पण तुम्ही उद्या त्यांच्यासमोर येऊ नका. रविवारची मुदत मीच दिली होती हो. माझंच चुकलं.”

“तुम्ही काळजी करू नका, वहिनी. उद्या काय ते मी निपटून टाकतो. तुम्ही फक्त त्यांना घरात अडकवून ठेवा.”

निपटून टाकतो! अडकवून ठेवा! दोर आपल्या हातून काढून घेतलेला. सुटकेस पुसून ठेवलेली. आणि ताई? ताईकडे जायचं म्हणून सुटकेस काढली, पण गेल्या चार दिवसांत ताईला एकही फोन नाही!

घरी जाऊन ते आरशासमोर उभे राहिले. ओल्या टॉवेलसकट वजन केलं तरी फेदरवेटच्या हलक्या गटावर गेले नसते. या वयात, या छातीनिशी फोरमनशी लढायचं? त्यांनी गॅलरीत जाऊन मित्राला फोन लावला. या वेळी कुजबुजत.

“ऐक. फोरमन माझ्या बायकोशी जिन्यात बोलत होता.”

“काय? मोठ्यानं बोल.”

“मोठ्यानं नाही बोलता येत. फोरमन. जिन्यात. बायकोशी.”

“फोरमन? तुमच्या जिन्यात?” प्रूफरीडरचा आवाज भारावून गेला. “सही घेतलीस का?”

“अरे, तो फोरमन नाही! वरचा!”

“वरचा म्हणजे? वरचा नंबर? मंगळवारी तर सातवा म्हणालास!”

“माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय घरात!”

“मग गरम आहे तोवर जेवून घे,” प्रूफरीडर म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

रविवार उजाडला. बायकोनं सकाळपासून दाराला आतून कडी घातली होती आणि किल्ल्या कमरेला लावल्या होत्या. हेडक्लार्कनी सावधगिरी म्हणून छत्री हाताशी घेतली. दोघं बाहेरच्या खोलीत समोरासमोर बसून एकमेकांवर नजर ठेवत होते. वर सकाळपासून काहीतरी धाडधाड आवाज येत होता. मग तो थांबला. जिन्यात जड पावलं वाजली. बेल वाजली.

“मी उघडतो,” हेडक्लार्क म्हणाले.

“नको! मी!”

दोघांनी एकदमच कडी काढली. दारात फोरमन उभा होता. हातात भला मोठा हातोडा. हेडक्लार्कनी छत्री वर केली, बायको मध्ये झेपावली आणि किंचाळली, “मारू नका! माझी शपथ आहे!”

ही शपथ आपल्यासाठी फोरमनला घातली, असं समजून हेडक्लार्कचे डोळे भरून आले. ती हेडक्लार्कना घातली, असं समजून फोरमनचे डोळे भरून आले. फोरमनच्या मागे एक गवंडी थापी घेऊन उभा होता. त्याला काहीच समजलं नाही, म्हणून तो खाली बसला.

“साहेब,” फोरमन हात जोडून म्हणाला (हातोडा जोडल्या हातांतच होता), “गवंडी आणलाय. सकाळपासून बाथरूम उकरून काढलीय. पाइप नवा, फरशी नवी, तुमच्या छताचं प्लॅस्टरही करून देतो, सगळं माझ्याकडून. फक्त ते चित्रीकरण तेवढं पुढे जाऊ देऊ नका.”

“कसलं चित्रीकरण?”

“आठव्या राउंडचं. मी आडवा होतो त्याचं.” फोरमननं जिन्याकडे एकदा बघून घेतलं. “खरं आहे, साहेब. शेवटचा राउंड पहाटे असतो. गुडघे दुखतात. स्टोअरमध्ये पोती असतात, त्यांवर जरा टेकतो. मॅनेजरला कळलं तर नोकरी जाईल. कोणी सांगितलं तुम्हाला?”

हेडक्लार्कच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. या क्षणी त्यांनी नुसतं ‘बघू’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. छत कोरडं, उशी कोरडी, सुटकेस माळ्यावर. पण त्यांचा जन्म चुकीच्या नोंदी दुरुस्त करण्यात गेला होता. एकाच्या नावावरची गोष्ट दुसऱ्याच्या नावावर पडलेली त्यांना बघवेना.

“अहो, तो तुम्ही नव्हे!” ते म्हणाले. आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुष्टियुद्ध, जॉर्ज फोरमन, अली, दोराला टेकणं, आठवी फेरी. भरीला, तोच फोरमन पुढे पंचेचाळिसाव्या वर्षी दुसऱ्यांदा चॅम्पियन कसा झाला, तेही सांगितलं. नोंद अर्धवट राहू नये म्हणून.

बायकोनं डोळे मिटून घेतले.

फोरमन ऐकत होता. मग तो हसायला लागला. तो हसला तसं बेडरूममध्ये छताचं थोडं प्लॅस्टर पडल्याचा आवाज आला.

“म्हणजे माझं चित्रीकरण नाहीच?”

“नाही.”

“कारखान्यात कोणी काही सांगणार नाही?”

“मी कशाला सांगू?”

“मग ठीक.” फोरमननं हातोडा गवंड्याच्या हातात दिला. “चल रे, सामान आवर. उरलेलं पुढच्या महिन्यात बघू. नाहीतर त्याच्या पुढच्या.”

“पण तुम्ही बाथरूम उकरलीय!” बायको म्हणाली.

“मी कारखान्यात आंघोळ करीन, वहिनी.”

बेडरूममधून आता थेंबाचा आवाज येत नव्हता. धारेचा येत होता. बायकोनं सुटकेस उचलून दाराजवळ आणून ठेवली. मग ती हेडक्लार्कना म्हणाली, “जन्मात एकदा गप्प बसायचं काम पडलं होतं तुम्हाला. एकदा!”

फोरमन पायरीवर थबकला. काहीतरी आठवून वळला.

“साहेब, तो फोरमन. तुमच्या नंबरात कितवा?”

“सातवा.”

“सातवा?” फोरमनचे खांदे पुन्हा दाराएवढे झाले. “फोरमन आणि सातवा? वर सहा जण कोण? मॅनेजर आहेत का सगळे?”

“नाही, पण त्याला आठव्या राउंडला–”

बायकोनं त्यांच्या पायावर पाय दिला. फोरमननं गवंड्याकडे बघितलं. गवंड्यानं आवरलेली थापी पुन्हा बाहेर काढून नुसती धरून ठेवली. कामगार माणसाला हवा कुठे वाहते ते लवकर कळतं.

“असं करू, साहेब,” फोरमन शांतपणे म्हणाला. “तुम्ही नंबराचा विचार करा. मी छताचा करतो. संध्याकाळी तुम्ही मित्राशी बोलताच. मला वर सगळं ऐकू येतं.”

दुपारभर हेडक्लार्क बेडरूममध्ये बादल्या बदलत होते आणि विचार करत होते. ज्येष्ठतेच्या यादीत मंत्र्याच्या भाच्यासाठीसुद्धा त्यांनी कधी एक जागा वरखाली केली नव्हती. साहेब रागावले, बदलीची धमकी दिली, तरी नाही. जो लुईनं बारा वर्षं जागा सोडली नव्हती. आता त्याला उठवायचं, तेही एका गळक्या पाइपासाठी?

संध्याकाळी त्यांनी गॅलरीत जाऊन फोन लावला. दाराजवळ सुटकेस होती आणि तिच्या मुठीवर बायकोचा हात होता. पाइपांच्या पोकळीत वर कुठेच आवाज नव्हता. फार लक्ष देऊन ऐकणारा माणूस करतो तशी शांतता होती.

“मग पक्कं करू?” प्रूफरीडर म्हणाला. “पहिला जो लुई, आणि आता ‘तो’ लावू नकोस, मला समजतं.”

हेडक्लार्कनी सुटकेसकडे बघितलं. मग वर बघितलं. मग म्हणाले, “फोरमन.”

“कोण?”

“फोरमन!”

“ऐकू येत नाही. कोण मन?”

“फोरमन! पहिला नंबर फोरमन!” हेडक्लार्क असे ओरडले की समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

“तुझं डोकं फिरलंय का? अरे, तो आठव्या राउंडला आडवा झाला होता ना?”

“आडवा नव्हता झाला!” हेडक्लार्कनी डोळे मिटले आणि उरलीसुरली अब्रू पाइपाच्या पोकळीत सोडून दिली. “जरा टेकला होता! गुडघे दुखत होते त्याचे!”

प्रूफरीडरनं फोन ठेवला. मग वर हातोड्याचा पहिला घाव पडला, पाठोपाठ दुसरा, आणि थापीचा आवाज सुरू झाला.

हेडक्लार्क खाली मान घालून आत आले. बायकोनं सुटकेस माळ्यावर टाकली होती आणि ती बेडरूमच्या भिंतीवरचे ओलीचे डाग निरखत होती.

“अहो,” ती म्हणाली, “तो तुमचा फोरमन दोनदा चॅम्पियन झाला म्हणालात ना?”

“हो.”

“मग दुसरा नंबरही त्यालाच देऊन टाका. भिंतीचा रंगही होऊन जाईल.”